दगडांनी बसकण मारली त्याची हकिकत

चिरंजीव विसराळूपंतांस,

आजीचे आशीर्वाद. मी तुझी आजी. (आठवण करून दिलेली बरी.) छत्री विसरणारे पाहिले, चष्मा विसरणारे पाहिले, पण बदली झाली म्हणून घरात अख्खा समुद्र विसरून जाणारा तू पहिलाच. तब्येत बरी ना? माझे गुडघे अजून जागेवर आहेत, तेच त्यांचं दुखणं. बोलतेय मी आणि लिहितेय तुझी आई, म्हणजे जिच्या गळ्यात ती खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बांधून गेलास ती. (तिला सांगून ठेवलंय, मी हळूच बोलले की कंसात घाल.)

पत्राला कारण तुझा तो टाकीवाला. तू फोनवर म्हणालास, आजीला कशाला ताप, पोवळी विकून टाकतो, माणूस पाठवतो. आजीला विचारलंस? टाकी आणलीस तेव्हा मी म्हटलं होतं, दगडाला कसला दिवा लावतोस. तू म्हणालास, हा दगड नाही, जीव आहे. स्वतःच्या बुडाखाली स्वतःच दगड रचत जातो आणि वर बसून राहतो. मला लगेच पटलं. तुझे आजोबा तसेच होते.

आता एकेकाची खुशाली ऐक. ते हरणाच्या शिंगांसारखं पोवळं, माझं शिंगाळं, त्याला सरळ वर जायचं होतं, दिव्याकडे. पण मला सुईत दोरा ओवायला उजेड लागतो, म्हणून दिवा जरा माझ्या खुर्चीकडे सरकवला. (जरा म्हणजे पार कडेला.) तर ते सगळ्या फांद्या माझ्याकडे करून वाढलंय आणि टोकं पांढरी, दुधाचे दात फुटल्यासारखी. पंप त्याच्या तोंडावर सारखा पाण्याचा मारा करायचा, मला बघवेना, मी पंप भिंतीकडे फिरवला. मग फांद्या अशा काटकुळ्या झाल्या, जसा तू दहावीत होतास. मार खाल्ला की पोवळं जाडजूड होतं म्हणे. (हे तुझ्या आईला तेव्हाच कळायला हवं होतं.)

ते ताटासारखं पोवळं, ताटाळं, आडवं पसरलं आणि खालच्या पोवळ्याचा उजेड खाऊ लागलं. खालचंही काही कमी नाही. दिवा मालवला की लांब लांब शेपट्या सोडून वरच्याला डसतं, सकाळी ताटाची कड पांढरीफटक. मी आणि माझ्या जाऊबाईंनी एकाच स्वयंपाकघरात संसार केला, त्यामुळे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. दोघांत वीतभर जागा केली. भांडण बंद.

तर टाकीवाला आला, दोन बादल्या घेऊन. काखेपर्यंत बाह्या सारल्या, हात घातला, ओढलं, तर हलेना! ते सपाटं पोवळं आहे ना, जे आधी सायीसारखं पसरतं आणि मग सवडीने डोकं वर काढतं, त्याने खालचा दगड आणि मागची काच एकत्र धरून ठेवलीय, पंपही अर्धा गिळलाय. टाकीवाला म्हणाला, “आजी, काच आठवड्याला खरवडायची असते.” म्हटलं, “मी अडाणी बाई, मला काय कळतंय!” म्हणाला, “आता छिन्नी लागेल. आहे का घरात?” म्हटलं, “नाही रे बाबा.” (हत्यारांची पेटी माझ्या खुर्चीखाली होती. शाल जरा पसरून बसले.) बिचारा ओल्या बाह्या आणि रिकाम्या बादल्या घेऊन गेला. पण मेला शनिवारी छिन्नी घेऊन येतोय.

असो. टाकी तुझी, पोवळी तुझी, हवं तर ने. मला काय, दगडांचा कुणाला लळा लागतो?

तुझी आजी
(खालचा निळा डाग म्हणजे माझा अंगठा.)

ता. क. दगड टाकीच्या मधोमध होता हे तुला आठवत असेल. (नसेलच.) तो काचेला जाऊन कसा टेकला, देव जाणे.

(आजींना वाचता येत नाही म्हणून मीच लिहिते. देव नाही, लाटणं. ढकलला त्यांनी, झाकण मी धरलं होतं. – आई)

आणखी एक. तुझी आई इतका वेळ काय लिहीत होती कोण जाणे. टाकीवाल्याला आजच कळव, येऊ नकोस म्हणून. तू मात्र ये. मला काही आणू नकोस. पोवळ्यांचा तो बर्फातला लाल खाऊ संपत आलाय, तेवढा आण. फ्रिजचा वरचा कप्पा तुझ्या आईने रिकामा करून ठेवलाय, तेव्हा एखादं पाकीट आणून भागायचं नाही. वर्षाचा आण.