आईने विणलेले टोपडे

अकोला, २७ डिसेंबर १९५८

प्रिय शांतवन, प्रभूमध्ये सलाम.

माझी प्रकृती ठीक आहे. आईचे डोळे कसे आहेत?

नाताळात जन्मलेले बाळ आमच्या मिशन दवाखान्यातून नवे टोपडे घालूनच घरी जाते. यंदा आईने पाठवलेले मी मैना नावाच्या बाळंतिणीच्या मुलासाठी ठेवले होते. काल ते बाळ गेले. टोपडे घालूनच मी त्याला बापाच्या हाती दिले.

आया केशरबाई मला म्हणाली, "बाई, तुमच्या डोयाले पानीच नाई का वो?"

"पलीकडची बाई अडली आहे. चल," मी दरडावले.

प्रार्थनेला बसते, पण शब्द सुचत नाहीत. काही दिवस माझ्या वाटचीही तूच कर.

आईला एवढेच सांग, टोपडे अगदी नीट बसले.

तुझी ताई,
सगुणा