लाल काठ बांधलेली सायकल

दादा,

'प्रिय' मुद्दामच लिहिलं नाही. रागात आहे मी. तुला जाऊन अजून वर्ष व्हायचंय आणि तुझी सायकल मागायला माणसं दारात हजर!

उल्हासनगरच्या कॅम्प एक वस्तीतली दोन मुलं होती. बंद पडलेली तुमची ती चार दिवसांची सायकल शर्यत पुन्हा सुरू होतेय म्हणे, आणि स्टेजवर तिचा इतिहास मांडणार आहेत. "आंटी, कॅप्टनसाहेब ज्या सायकलवर जिंकले ना, ती तुमच्याकडे आहे असं कळलं. बस दोन दिवस द्या, संभालके रखेंगे."

ऐकलंस? कॅप्टनसाहेबांची सायकल! हे ऐकायला मी ती इतकी वर्षं तेल घालून पुसतेय का रे?

अंबरनाथच्या कंपनीने तुमचा संघ पोसला होता, पगारच सायकल चालवण्याचा. गावात, मोरिवलीत, केवढा तोरा होता आपला! आणि तुझं काम काय, तर कॅप्टनच्या पुढे राहून त्याच्या वाट्याचा वारा अंगावर घ्यायचा आणि त्याला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या. मी चिडले की म्हणायचास, "शर्यत एकट्याची नसते, बाय." मग हार एकट्याच्याच गळ्यात का?

त्या वर्षी शेवटच्या दिवशी बदलापूरहून निघून, मोरिवलीवरून, उल्हासनगरला संपायची होती शर्यत. आईला तेव्हाच धुरकट दिसायला लागलं होतं. तुमचे कपडे सारखे, टोप्या सारख्या. "मी वलखू कशी तुला?" म्हणत तिने जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडला आणि तुझ्या हँडलला बांधला.

त्या दिवशी तू सगळ्यांच्या पुढे होतास. मोरिवलीचा पोरगा मोरिवलीतून पहिला जाणार होता! आणि गाव येण्याआधीच कॅप्टनची सायकल पंक्चर झाली. त्याने तुझी मागितली, तू उतरलास. मॅनेजरचा हुकूमच तसा होता, ठाऊक आहे मला. पण जरा तरी थांबायचंस! एकदा तरी 'नाही' म्हणून बघायचंस! संघाची मागची गाडी दुसरी सायकल घेऊन येईपर्यंत तू रस्त्याच्या कडेला उभा राहिलास. ठरलेली वेळ उलटली म्हणून तुला वाटेतच उतरवलं आणि निकालातून नावच कापलं. आधीचे सगळे दिवस पाण्यात.

इकडे नाक्यावर आईला लाल काठ दिसला आणि तिने ओंजळभर झेंडूची फुलं उधळली. सायकलवरच्याने हात वर केला.

"बघलंस गो? हात केलान मना!"

मी चेहरा पाहिला होता, दादा. तो तू नव्हतास. पण आई रस्त्यातच नाचायला लागली होती, मी काय बोलणार?

संध्याकाळी तू आलास तो मागे पडलेल्यांना गोळा करणाऱ्या टेम्पोतून. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि विचारलं, "हात केलास ना मना?" तू म्हणालास, "व्हय आये, मीच केला." आणि माझ्याकडे पाहिलंस. त्या एका नजरेने मला कायमचं गप्प बसवलंस. साऱ्या गावाला खरं माहीत होतं. आईपुढे मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, तुझ्या शब्दाखातर.

कॅप्टन सायकल परत द्यायला आला तेव्हाचं आठवतं? आईने त्याला सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी वाढली. वाढता वाढता तीच गोष्ट रंगवून सांगितली, माझ्या पोराने मला हात केला म्हणून. तो खाली मान घालून जेवत राहिला. वर आणखी एक भाकरी मागून घेतली! आणि ती वाढलीस तू! तुझा हात कसा वळला रे?

पुढे संघ मोडला. कॅप्टन कंपनीत साहेब झाला, तू तिथेच पॅकिंगमध्ये खोकी उचलत राहिलास. तू गेलास तेव्हा त्याने माणसाकरवी हार पाठवला. मी तो तुझ्या अंगावर घालू दिला नाही, हे तुला आत्ता सांगते.

त्या मुलाने मोबाईलवर फोटो दाखवला. कॅप्टन शेवटची रेघ ओलांडतोय आणि हँडलला लाल काठ फडफडतोय. हाच मोठा करून लावणार आहेत. "ये लाल कपडा लकी होता का त्यांचा?" मुलाने विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आईच्या लुगड्याचा आहे." तो नुसताच हसला. त्याला तरी काय कळणार?

दादा, आई होती तोवर तुझा शब्द पाळला. मग तू होतास म्हणून पाळला. आता कोणासाठी पाळू? तुला आवडणार नाही, माहीत आहे. पण तुझ्या चांगुलपणाचा मला वीट आलाय.

सायकल मी देणार आहे. पण त्यांच्या टेम्पोतून नाही, कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी, स्वतः ढकलत नेईन स्टेजपर्यंत. काठ अजून हँडललाच आहे, विटलाय, पण गाठ आईचीच आहे. सत्काराला बोलावलेला कॅप्टन लोकांकडे बघून हात वर करेल, सवयच आहे त्याला. तेव्हा माईकवर एवढंच म्हणेन, हा माझा तुला शब्द: "हात खाली घ्या, कॅप्टन. माझ्या आईने ती फुलं तुमच्यावर उधळली नव्हती."

इतकी वर्षं गप्प बसलेली,
तुझी बाय