तसबिरींच्या दुकानातली बाई

आत्या,

"दुकानातून निघताना जाते म्हणू नये गं, येते म्हणावं," असं तू मला भुलेश्वरातल्या एका कापडवाल्याच्या पायरीवर सांगितलं होतंस. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. दुकानदारानं हातावर खडीसाखर ठेवली, म्हणून मोठ्या शहाणपणानं मी त्याला "आम्ही जातो" म्हटलं. तू भर रस्त्यातून माझं मनगट धरून मला परत आणलंस, पुन्हा पायरी चढायला लावलीस, आत बसवलंस, आणि नव्यानं उठून "येतो" म्हणायला लावलंस. दुकानदार हसत होता. तू हसत नव्हतीस. तशा आपल्या बोलण्यात पुष्कळ गोष्टी संपता संपत नाहीत. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. गाठीच्या तापाच्या साथीत माझे यजमान गेले तेव्हा शेजारणींनी माझा हात पाट्यावर धरला आणि बांगड्या वाढवल्या. तेव्हा तुझी पायरी आठवली होती, पण त्या दिवशी तुला काही लिहावंसं वाटलं नाही. आज वाटतं, कारण माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

तू विधवा, बोडकी, लाल आलवणातली, अप्पांच्या म्हणजे तुझ्या धाकट्या भावाच्या घरी राहणारी. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून दुसरं इंजिन जोडतात, तिथे अप्पा कारकून होते. कचेरीच्या कामानं ते मुंबईला निघाले की तू मला हाताशी धरून बरोबर निघायचीस. आधी चार दिवस आपल्या मागच्या दारी बायकांची रीघ. भिसेगावच्या, कडावच्या, पार खालापुराकडच्या. ज्यांच्या घरी लग्न, त्या सगळ्या. तुला अक्षर येत नव्हतं. ज्याचं काम त्याची एक गाठ तू पदराच्या टोकाला मारायचीस, आणि मुंबईत ते काम झालं की ती सोडायचीस. कडावची एक बाई मला अजून दिसते. ओसरीच्या खाली उकिडवी बसून म्हणते आहे, "आत्याबाय, माज्या पोरीला हिरवं लुगडं आना. काठ जरासा रुंद, पन सासूच्या डोल्यात खुपला नाय पायजे." तू गाठ मारता मारता विचारतेस, "सासूचे डोळे किती रुंद आहेत ते आधी सांग." ती तोंडाला पदर लावून हसते. "सूप हायत गं, सूप!"

आणि मग ते लुगडं यायचं, मुलगी ते नेसायची, मांडवात सगळ्या बायका काठ चिमटीत धरून बघायच्या. कुणी आणलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मुंबईचं आहे." तुझं नाव कुणी घेत नसे, शुभकार्याच्या कापडाला विधवेचा हात लागला असं कोण सांगेल? तू त्या वेळी आपल्याच घरात मागच्या दाराशी शेंगा सोलत बसलेली असायचीस. शेकड्यानं लुगडी तुझ्या हातून गेली असतील, पण त्यांतलं एकही नवरीच्या अंगावर कसं दिसतं ते तू पाहिलं नाहीस. हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता मी स्वतः लाल आलवणात मागच्या दाराशी बसते, आणि कळतं.

मुंबई तू मला बोटाला धरून शिकवलीस. लुगडं दिव्याखाली बघायचं नाही, पायरीवर उन्हात आणून बघायचं. तांबाकाट्याला हंडा घ्यायचा तर बोटाच्या पेरानं वाजवून कानाशी धरायचा, भेगेचा आवाज आजारी माणसासारखा येतो. अत्तर दुकानदाराच्या बोळ्यावर हुंगायचं नाही, आपल्या मनगटावर लावून दोन गल्ल्या फिरून यायचं. पण दुकान कुठलंही असो, आत जाण्याआधी तू समोरच्या पायरीवर बसून राहायचीस. पहिलं गिऱ्हाईक येऊन भवानी होईपर्यंत. दिवसाची पहिली विक्री विधवेच्या हातून झाली तर दुकानदाराला चालायचं नाही, आणि त्यानं तसं म्हणावं हे तुला चालायचं नाही. म्हणून तू आपणहून बसायचीस, जणू दमली आहेस. मी विचारायची, "आत्या, आत का नाही जायचं?" तू म्हणायचीस, "दुकान जागं होऊ दे."

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस काळबादेवीच्या गल्लीतल्या तसबिरींच्या दुकानाचा. खालापुराकडच्या कुणाला तरी देवघरासाठी काचेवर रंगवलेली लक्ष्मी हवी होती. दुकान लांबट, बोळासारखं, दोन्ही भिंतींवर जमिनीपासून आढ्यापर्यंत तसबिरी. देव, संस्थानिक, बुचड्यात पिसं खोचलेल्या गोऱ्या बायका, बर्फाचे डोंगर. इतके डोळे एकदम माझ्याकडे कधी लागले नव्हते. मी तुझं आलवण घट्ट धरलं. शेठ समई उचलून पुढे पुढे जात होता, आणि उजेड जिथे जाई तिथले चेहरे जागे होत, मागचे मिटत. अगदी शेवटी, सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीत एक म्हातारी बाई होती. डोक्यावरून पदर, ओठ मिटलेले, नजर थेट आपल्यावर. तू थबकलीस. बराच वेळ बघत राहिलीस. मग शेठला म्हणालीस, "ही बाई कोण हो? मोठी दुःखी दिसते. किती दिवस टांगून ठेवलीय हिला?"

शेठनं समई खाली केली. त्या बाईच्या कमरेशी मी उभी होते. तेव्हा मला कळलं की तो आरसा आहे. तू बाराव्या वर्षी विधवा झालीस, त्यानंतर आपल्या घरात कुणी तुझ्यापुढे आरसा धरला नव्हता. स्वतःला शेवटचं पाहिलंस तेव्हा तू पोर होतीस. ही म्हातारी तुझ्या ओळखीची असणार कशी? मी काही बोलणार तेवढ्यात शेठनं माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, आणि तुला म्हणाला, "ती विकायची नाही, बाई." फार चांगला माणूस. तू म्हणालीस, "नका विकू. पण अशी अंधारात नका ठेवू." लक्ष्मी घेतलीस, तिची गाठ सोडलीस. निघताना उंबऱ्यातून वळलीस आणि शेठकडे नाही, त्या चौकटीकडे बघून म्हणालीस, "येते हं." मग पदराला एक नवी गाठ मारलीस. मी विचारलं, "हे कुणाचं काम?" म्हणालीस, "माझं."

तुला केव्हा कळलं, की कधीच नाही, हे मी पुढे कितीदा मनाशी विचारलं. त्या दुकानात तू पुन्हा गेली नाहीस. पण ती गाठ राहिली. आलवण धुवायला काढलंस की गाठ सोडायचीस आणि दुसरं नेसलीस की पहिल्यांदा तीच मारायचीस. माझं लग्न ठरलं त्या साली तू तापानं गेलीस, तेव्हाही ती पदराला होती. आईनं ती सोडवायचा प्रयत्न केला. नखं लावली, तेलाचं बोट लावलं. "कुणाचं काम राहिलं असेल बाई," म्हणाली, आणि तशीच जाऊ दिली.

आता मागच्या आठवड्याचं सांगते. मुलीच्या शालूसाठी दादा मला मुंबईला घेऊन गेला. वहिनी कुरकुरली, "वन्सं कशाला? लोक काय म्हणतील?" दादा म्हणाला, "कापडातलं तिला कळतं." कळतं ते तुझं, आत्या. भुलेश्वरात तेच दुकान आहे, माणसं नवी. दादा पुढे होऊन काही विचारत होता, आणि गादीवरचा तरुण मालक माझ्याकडे बघत चाचरत म्हणाला, "बाई, जरा भवानी होऊ द्या..." बोलता बोलता तो थांबला. कारण मी आत गेलेच नव्हते. मी समोरच्या पायरीवर केव्हाच बसले होते. केव्हा बसले, ते मला आठवत नाही. दगडाला तिथे खळगा पडलाय, आणि मी त्यात इतकी नेमकी बसले होते की उठताना कुणाच्या तरी मांडीवरून उठल्यासारखं वाटलं.

शालू मिळाला. डाळिंबी, तुला आवडेल असा काठ, उन्हात आणून पाहिला. मुलीला फणेरपेटी घेतली, झाकणात आरसा असलेली. दादा हंडे बघायला गेला आणि माझी पावलं काळबादेवीकडे वळली. मला वाटलं होतं, दुकान नसेलच. होतं. तोच शेठ होता, फार म्हातारा, डोळ्यांवर सायीसारखा पडदा. मी उंबऱ्यात उभी राहिले. माझ्या लाल आलवणाचा रंग तेवढा त्याला दिसला असेल. तो म्हणाला, "आलात, बाई? बहु दिवस लावले."

मी म्हणायला हवं होतं की मी ती नाही. मी उंबरा ओलांडून आत गेले. तो चाचपडत पुढे झाला. "कितीजणांनी मागितला. म्हटलं, नाय, ते विकायचं नाय. एक बाई येते म्हणून सांगून गेलीय." आणि मग लहान पोराच्या कौतुकानं म्हणाला, "अंधारात नाय ठेवलं हां. बघा." चौकट आता खिडकीसमोर होती. आरशाला काळे डाग पडले होते, जुन्या माणसाच्या हातावर पडतात तसे. त्यांच्यामधून ती बाई बघत होती. पदर डोक्यावर, ओठ मिटलेले. मी मनाला समजावलं की ही मी आहे, आत्याचा तोंडवळा माझ्यात आलाय, अप्पा नेहमी म्हणायचे. नजर खाली गेली. त्या बाईच्या पदराला एक गाठ होती. मला लिहिता-वाचता येतं, आत्या. मी कामासाठी कधी गाठ मारत नाही. मी माझा पदर हातात घेतला. गाठ होती. घट्ट, बारीक, तुझ्या पद्धतीची, टोक आत खोचलेली.

तेव्हापासून ती सुटत नाही. तेलाचं बोट मीही लावून पाहिलं. इथवर मी भ्याले नव्हते, खरं सांगते. तू माझ्यात आलीस तर येऊ दे, मी तुझीच वाढवलेली. लिहायला बसवलं ते कालच्या दुपारनं. मी मागं विहिरीवर होते. घरात आले तर मुलगी शालू खांद्यावर टाकून फणेरपेटीच्या आरशात बघत होती. खुशीत होती. वळून म्हणाली, "आई, मघाशी माझ्या मागे उभी राहून काय बघत होतीस गं?"

माझ्या हातात ओली कळशी होती. मी म्हणाले, "काठ बघत होते."

ती म्हणाली, "आणि येते म्हणून कुठे गेलीस?"

आत्या, मला वाटतं तू का आलीस ते मला समजतं. तुला शालू अंगावर कसा दिसतो ते एकदा बघायचं असेल. एवढ्या जणींचं आणलंस, पाहिलं एकीचंही नाही. तुझा हक्क आहे. पण तू जिला येते म्हणालीस ती त्या चौकटीत म्हातारी होऊन थांबली, आणि मी त्या पायरीवर जाऊन बसले. आता ते येते तू माझ्या मुलीलाही म्हणालीस. माझी मुलगी तेरावं लागलेली, हसरी, पायात पाय अडकून पडणारी पोर आहे. तिच्या आरशात तिच्यामागे लाल काही दिसू नये, एवढंच मला आयुष्यात आता हवंय.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. शालूच्या घडीत ठेवावं असं वाटलं होतं, पण तिथे ते तुला सापडेल. आणि एक सांगायचं राहिलं. तसबिरींच्या दुकानातून निघताना मीही उंबऱ्यात वळले आणि त्या बाईला येते म्हणाले. जीभ तशीच वळली. तूच वळवलेली.

लग्नाच्या दिवशी ये. मागच्या दारी माझ्याजवळ बस. मुलगी नमस्काराला येईल तेव्हा तिला डोळे भरून बघ, काठ चिमटीत धर. पण निघताना तिच्या आरशाला, फक्त तिच्या, एकदाच जाते म्हण. तू म्हणणार नाहीस. माझं मनगट धरशील आणि मला पुन्हा पायरी चढायला लावशील, हे मला ठाऊक आहे. तरी म्हण.