पाच हायड्रेंजिया आणि एक बादली

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. प्रवास सुखाचा झाला असेल. हे पत्र मुद्दाम तुझ्या ओट्यावर ठेवतोय, म्हणजे मागचं दार उघडण्याआधी वाचशील. (आधी चहा कर, बसून पी.) बाबा खडखडीत आहेत, फक्त चष्मा सापडत नाही आणि नवा करू देत नाहीत. तू लेकीकडे होतीस तोवर झाडांना रोज पाणी घातलं. कुंपणाजवळच्या झाडाविषयी खाली लिहितोच.

मुख्य बातमी म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ही काल, गुरुवारी, घरी आली. तीन आठवडे घर खायला उठलं होतं गं. जाताना म्हणाली होती, गावभरचे नळ सांभाळता, घरातलं एक रोप जगवता येत नाही तुम्हाला. ते मनाला लागलं. हिने दारात पाऊल टाकलं की समोर टेबलावर ताजी फुलं दिसलीच पाहिजेत, असं ठरवून परवा सकाळी निळ्या हायड्रेंजियाची पाच फुलं आणली, एकेक कोबीच्या गड्ड्याएवढं, आणि ऐटीत बरणीत उभी केली. चहा पिऊन येतो तर पाचही जणांनी माना टाकलेल्या!

पण मी तीस वर्षं मुरलेला प्लंबर. खाली पाणी आहे आणि वर चढत नाही म्हणजे पाइपात हवा अडकली, हे मला झोपेतही कळतं. देठ तिरपे कापले (आधी पाइपकटर लावून पाहिला, एक देठ चेंगरला, मग चाकू घेतला), खालची पानं काढली. कापल्या जागी चीक आला, म्हणजे आमच्या भाषेत गाळ. त्यावर माझी दाढीची तुरटी चोळली. टोकं अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरली, त्या वाफेने माझ्या मिशा टवटवीत झाल्या, फुलं ढिम्म. शेवटी कोपऱ्यावरच्या फुलवालीला गाठलं. ती म्हणाली, हे फूल पाकळ्यांनीसुद्धा पाणी पितं, थंड पाण्यात डोक्यासकट बुडवा. वरच्या टोकाने भरणारा पाइप मी जन्मात पाहिला नव्हता. तरी न्हाणीघरातल्या बादलीत पाचही बुडवली आणि तासाभरासाठी एका गळक्या टाकीकडे गेलो.

परत आलो तर बाबा आंघोळ उरकून बाहेर येत होते, एकदम खूश. नवा स्पंज फार मऊ आहे म्हणाले, पाठ छान घासता आली. कानामागे दोन निळ्या पाकळ्या. बादलीतली उरलेली चार मात्र अशी ताठ उभी राहिली होती, की मी ती तशीच उचलून टेबलावरच्या बरणीत लावली.

काल ही काठी टेकत आत आली, फुलांसमोर थांबली आणि खळखळून हसली. ताई, किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता रोज पाणी बदलतो, देठ बोटभर कापतो, ऊन लागू देत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. फुलं कुठून आणली ते लिहायचं राहिलं. फुलवालीकडे हायड्रेंजिया संपले होते. रविवारच्या प्रदर्शनासाठी तू वर्षभर जपलेलं ते कुंपणाजवळचं झाड अगदी ठणठणीत आहे. आता फक्त हिरवं आहे.

ता. क. २. हिने तुझी फुलं पाहताक्षणी ओळखली. हसली ती त्यालाच. आणि आधी ताईंना खरं कळवा म्हणाली.

ता. क. ३. प्रदर्शनात कापलेल्या फुलांचाही एक गट असतो म्हणे, आणि त्याला तीनच लागतात. तुझं नाव घालू का? बादली मी उचलतो, ही काठी टेकत येणार आहे. चौथं फूल तेवढं मागू नकोस, ती देणार नाही.