मैदानाला नाव द्या, राख नाही

प्रिय डॅन,

मराठीत लिहितेय, कारण ही भाषा तुझ्या एकाही प्लेअरला वाचता येत नाही. निदान एवढं तरी आपल्या दोघांत राहू दे. तुलाही वाचता यायची नाही म्हणा. मीच वाचून दाखवीन.

परवा मार्कसचा फोन आला. तुझा लाडका क्वार्टरबॅक, आता तुझ्याच जागी कोच झालाय. म्हणाला, "शनिवारी सीझनची पहिली मॅच आहे. कोचची राख मैदानावर पसरावी, अशी सगळ्या जुन्या मुलांची इच्छा आहे." मी "कळवते" म्हटलं. तेव्हापासून नुसती धुमसतेय.

आपण भेटलो तेव्हा मी पुण्याहून ओहायोला नुकतीच शिकायला आले होते. तू कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा एके काळचा क्वार्टरबॅक. बॉल कुणाकडे फेकायचा हे क्षणात ठरवणारा, सगळ्या गावाचा हिरो. पण मी पाहिलं ते ऑपरेशननंतर हात गळ्यात अडकवलेला मुलगा. खांदा गेला, पुढे खेळायचं स्वप्न गेलं, मित्रांचे फोनही थांबले. कॅम्पसच्या बसनं तुला फिजिओथेरपीला मीच न्यायचे. खरं सांगू? तो माझा सगळ्यात सुखाचा काळ. तेव्हा तू फक्त माझा होतास.

मग असिस्टंट कोचची नोकरी लागली आणि मी तुला वाटून घ्यायला शिकले. शिकले कसली, सोसलं. सारखं नवं गाव, नवं कॉलेज, पुन्हा कुणाची तरी पोरं.

आपल्या ईराच्या बारशाला घर माणसांनी भरलं होतं, आईनं पाळणा सजवला होता, आणि तू एका पोराला टीममध्ये आणायला निघालास. "त्याला कुणी नाही गं," म्हणालास.

"आणि मला?"

"तुला मी आहे ना," म्हणालास आणि गाडी काढलीस.

ते पोर म्हणजे मार्कस. पुढे तू हेड कोच झालास, त्याच्याच जोरावर फायनल जिंकलास. मी रेलिंगपाशी हात हलवत उभी होते. तू धावत गेलास तो त्याच्याकडे. किती वेळ त्याला मिठी मारून रडत होतास! मला तू असं कधी बिलगलास रे?

तुझ्या शोकसभेत तो म्हणाला, "शेवटच्या आठवड्यात कोच मला म्हणाले, मला भीती वाटतेय." सगळा हॉल रडला. मी दगडासारखी बसून होते. मला तर तू हॉस्पिटलमध्ये नुसते जोक सांगत होतास. बरा झालो की पुण्याला जाऊन मिसळ खाऊ, म्हणत होतास.

पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. "तुला का सांगितलं? मला का नाही?"

एवढा धिप्पाड माणूस, डोळे पुसत म्हणाला, "मॅम, ते म्हणाले, तिच्यासमोर मला हरलेला दिसायचं नाही."

वेड्या, मी तुला निवडलं तेव्हा तू हरलेलाच होतास. जिंकलेला डॅन त्यांचा होता. हरलेला माझा. तोही त्यांना देऊन टाकलास?

आज सकाळी मार्कसला फोन केला. म्हटलं, "मैदानाला त्याचं नाव द्या. शनिवारी मी येईन, तुमच्या सगळ्या गोष्टी ऐकून घेईन. पण राख मिळणार नाही."

तो म्हणाला, "मॅम, मीही दिली नसती."

वचन देते, डॅन, मी आहे तोवर तू घरीच राहशील. पुढचं ईराला सांगून ठेवलंय. पसरायचंच झालं, तर दोघांना एकत्र.

तुला वाटून घेणं कधीच न जमलेली,
मृणाल