उंटिणीचं पुढं काय झालं?

सोनई, १९४६

शमशादआपा, तुला सरवरीचा सलाम.

शाळेत आवडत्या लेखकाला पत्र लिहायची स्पर्धा होती. मी तुला लिहिलं. समुद्र बघायला निघालेल्या उंटिणीची तुझी गोष्ट त्यात घातली.

गुरुजींनी विचारलं, "हिचं पुस्तक कुठाय?"

"पुस्तक न्हाई. माझी बहीण हाय, तोंडानंच सांगती."

पोरं हसली. पण गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं, तेव्हा तीच पोरं ओरडली, "उंटिणीचं पुढं काय झालं?" गोष्ट अर्धीच होती, तेवढ्यात तुझं लग्न झालं. आणि आता बाळ गेल्यापासून तू कुणाशी बोलतच नाहीस, असं अम्मी म्हणते.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझे सासरे पत्रं सगळ्यांसमोर वाचतात. बाळाचा विषय तिथं निघायला नको. ईदला अब्बांबरोबर येईन आणि नुसती तुझ्याजवळ बसेन. गोष्ट सांगितली नाहीस तरी चालेल.

बक्षीस दुसऱ्या मुलीला मिळालं. पण गुरुजींनी फळ्यावर सगळ्या लेखकांची नावं लिहिली, त्यांच्याखाली तुझंही: शमशाद, मुक्काम खर्डा. फळा पुसायची पाळी माझी होती. तेवढं नाव मी ठेवलं.

तुझीच,
सरवरी