एक बैल, एक जातं आणि एक घागर

कोल्हापूर, सोमवार

ती. स्व. अण्णांच्या पायांवर धाकट्या कृष्णातचं डोकं. (तुम्ही पाय मागं घेतलेत हे मला इथूनही दिसतंय, पण पत्रात ते चालत नाही.)

गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे का? म्हैस गाभण होती असं ऐकलं, व्याली का, आणि रेडा झाला की रेडी? आम्ही इकडं बरे आहोत. संयोगिताच्या दाढा काढून झाल्या, माझ्या निघायच्या आहेत. गारगोटी इथून दीड तासावर असताना ह्यानं पोस्टाचं तिकीट कशाला लावलं, असं तुम्हाला वाटेल. तर तुम्ही माझा फोन ब्लॉक केलाय, हे तेजस्वीनं मला परवा दाखवून दिलं. तीन वर्षं मी तुमच्याकडं रेंज नाही असं समजून होतो. भावकीच्या ग्रुपमधूनही तुम्ही बाहेर पडलाय, तेव्हा पोस्टमन तेवढा उरला.

सांगायची गोष्ट आपल्या मूळ गावाची. श्रेयसची अदिती (नऊ वर्षांची झाली, हट्टाला आपल्या आईवर गेलीय) तिकडं मेलबर्नला चौथीत आहे. तिच्या बाईंनी वर्गात मोठा नकाशा लावला आणि सांगितलं, आपापले पूर्वज कुठून कुठं गेले तिथं धागा लावा आणि पुरावा जोडा. तिच्या बापाचा धागा चोख आहे, कोल्हापूर ते मेलबर्न, व्हिसा आणि विमानतळाच्या शिक्क्यासकट. मग तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, आजोबा, कोल्हापूरच्या आधी? मी म्हटलं, कागल. त्याच्या आधी? इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं, पण नेमकी माझ्या मागच्या भिंतीवर अप्पांची तलवार होती. मी सांगून टाकलं, की आपले मूळपुरुष रायाजी घोड्यावर बसून उत्तरेकडून आले, त्यांनी मोहीम फत्ते केली आणि कागलला त्यांना जमीन इनाम मिळाली. (अप्पा आपल्याला असंच सांगायचे. घोडा तेवढा मी घातला.) पोरगी म्हणाली, पुरावा पाठवा.

आता अठ्ठावीस वर्षं शाळेत कारकुनी केलेला माणूस मी, जुनं रजिस्टर म्हटलं की मला हुरूप येतो. पहिल्यांदा गावाकडच्या शाळेत गेलो. आजोबांचं नाव सापडलं. मूळ गावाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे'. वरच्या पोराच्या रकान्यातही 'वरीलप्रमाणे'. असा मी सव्वीस पानं उलटा चढत पहिल्या पानावर पोचलो, तर ते वाळवीनं खाल्लेलं. (मीही नोकरीत हजार वेळा 'वरीलप्रमाणे' लिहिलंय, कुणाकुणाचे शिव्याशाप घेतले असतील देव जाणे.) मग मोडीतला एक कागद मिळवला आणि तो वाचणारे एक गृहस्थ गाठले. त्यांनी भिंग लावून दीड तास वाचलं, तेवढ्यात तीन चहा झाले, आणि निष्कर्ष असा निघाला, की कुणाच्या तरी म्हशीनं कुणाची तरी वैरण खाल्ली. मी विचारलं, म्हैस आमची की वैरण? तर नेमका तिथंच कागद फाटलाय म्हणाले.

मी घरी येऊन कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा संयोगिता म्हणाली, "अवो, हेळव्याला इचारायचं सोडून कुटं हिंडताय?" आणि मला एकदम आठवलं. आपल्या लहानपणी सुगी झाली की हेळवी बैलावर बसून दारात यायचा, चोपडी उघडून खापरपणजोबापासून नावं म्हणायचा, आणि आई त्याला सूपभर जोंधळं घालायची. तुम्ही मला त्याच्या बैलाची भीती घालायचात. त्याचाच नातू सिद्दाप्पा आता मोटरसायकलवरून फिरतो, आणि सध्या कागलच्या माळावर त्याची पालं पडली आहेत. मी तलवार वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीनं निघालो. (कंडक्टरनं गुंडाळी उघडायला लावली. सबंध एसटीनं तलवार बघितली, आणि एका म्हातारीनं उठून मला जागा दिली.)

सिद्दाप्पानं आपल्या घराचं पान काढलं आणि एका सुरात सहा पिढ्या म्हणून दाखवल्या. अप्पांचं नाव आलं तेव्हा मी हात जोडले. मग मी तलवार पुढं केली. त्यानं ती उलटीपालटी केली आणि परत दिली. "पावणं, तलवार न्हाय ह्यात. एक बैल, एक जातं आन् एक घागर घिऊन आलाय तुमचा रायाजी. राधानगरीच्या रानातनं." म्हणजे उत्तर गेली, मोहीम गेली, आणि रायाजी चालत आला, कारण बैलावर जातं होतं. मी विचारलं, एवढं भाताचं रान सोडून तो आला कशाला? तेही चोपडीत होतं. गावच्या म्हाईला, म्हणजे देवीच्या जत्रेला, बकऱ्याचं मानाचं मुंडकं थोरल्या भावाच्या घरी जायचं. त्या वर्षी ते चुकून धाकट्याकडं गेलं. थोरला रायाजी भरल्या पंगतीतून उठला, बैल सोडला आणि बायकापोरांसह चालू लागला. धाकटा म्हणाला, "येतोय की माघारी, जातोय कुटं?" आणि त्यानं आणखी रस्सा मागितला. रायाजी परत गेला नाही. धाकट्याच्या वंशाची चोपडीही सिद्दाप्पाकडंच आहे. तो म्हणाला, "त्येंच्यात बी अजून इचारत्यात, थोरल्याचं पुढं काय झालं म्हणून."

अण्णा, हे ऐकून मी तिथंच मातीत बसलो. तेजस्वीच्या लग्नात फेटे कमी पडले आणि तुमच्या नावाचा फेटा त्या फोटोग्राफरच्या डोक्यावर बांधला गेला, ही चूक बांधणाऱ्याची. तो फोटोग्राफर सबंध लग्नात वधूचा चुलता म्हणून मिरवला आणि आहेराचा नारळही घेऊन गेला. पण तुम्ही ताटावरून उठलात तेव्हा मी काय केलं? मी म्हटलं, येतील परत, आणि जिलेबी वाढायला सांगितली. माझं चुकलं. तुमच्या मागं दारापर्यंतसुद्धा मी आलो नाही. हे लिहायला मला तीन वर्षं आणि एक हेळवी लागला.

आता कामाचं. आपल्या पानावर नवी नावं चढवायची आहेत. सिद्दाप्पा म्हणतो, पोरींची नावं घालायची चाल नाही. मी त्याच्याशी पाऊण तास भांडलो. शेवटी तो म्हणाला, घरातल्या थोरल्यानं समोर बसून नाव सांगितलं तर अदितीचं नाव घालतो, धाकट्याचं ऐकत नाही. शुक्रवारी अमावास्येला त्यांची पालं उठणार, ती आताशा मग तीन-चार वर्षं इकडं फिरकत नाहीत. अदितीच्या शाळेचं काम त्यावर अडून आहे, म्हणून तुम्ही गुरुवारी कागलला यावं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, म्हशीला माझी एक थाप.

तुमचा धाकटा,
कृष्णात

ता. क. तलवारीच्या मुठीवरचा रंग संयोगितानं चिंचेनं घासला, तर खाली गावच्या नाटक मंडळीचं नाव निघालं. अप्पांनी ती परतच केली नव्हती. हे आपल्या दोघांतच असू द्या.

ता. क. दुसरा. वर अदितीच्या शाळेचं काम अडलंय असं लिहिलंय, ते खोटं आहे. तिनं मागच्याच आठवड्यात राधानगरीपासून धागा लावला आणि शेजारी बैल, जातं आणि घागर काढून दिली. पुराव्याच्या जागी तिनं सिद्दाप्पाचा फोटो लावला. बाईंना फार आवडलं.

ता. क. तिसरा. निघताना सिद्दाप्पानं विचारलं, थोरला कुठं असतो? मी म्हटलं, गारगोटीला, बोलत नाही. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं. त्यानं रायाजीच्याच पानावर, सगळ्यात खाली लिहिलं: 'थोरला गारगोटीस गेला. कारण फेटा.' पेन्सिलनं लिहिलंय, शुक्रवारी त्यावर शाई फिरवून पक्कं करणार म्हणाला. फेटा मी आणून ठेवलाय, बांधणाराही सांगून ठेवलाय. डोकं तेवढं घेऊन या.